दोन ग्रॅमचं आमिष पायाशीच का पडतं?

वाचकाचं पत्र:

‘मी वारज्याला राहतो, वय ४२. लहानपणी वडिलांबरोबर मुठेच्या काठी बांबूची काठी, तंगूस (नायलॉनचा दोरा) आणि दानवं (गांडुळं) घेऊन बसायचो. मध्ये वीस वर्षं सगळं सुटलं. मागच्या वर्षी मावसभावाने त्याचा आठ फुटी रॉड दिला. त्यावर १०–४० ग्रॅम असं छापलेलं आहे. ४००० नंबरचं रील आहे, त्यावर ०.३० मिलिमीटरचं तंगूस. मी हौसेने दहा-बारा छोटे ल्युअर, म्हणजे नकली आमिषं, मागवले, फिरत्या पात्याचे स्पिनर, रबरी मासे वगैरे. फेकले की पाच-सहा पावलांवर पडतात. आता दुकानात दोन रॉड दाखवलेत, एक पाच फुटी आणि एक सात फुटी. दोन्हींवर अल्ट्रालाईट लिहिलंय. रील धरून पाच हजारांपर्यंत खर्च करू शकतो. कुठला घेऊ? आणि दहा वर्षांच्या मुलीलाही यायचं आहे, तिचं काय करू?’

सप्रेम नमस्कार.

तुमचा हात चुकत नाहीये. असे छोटे ल्युअर दोनेक ग्रॅमचे असतात आणि तुमच्या हातातला रॉड दोन ग्रॅमसाठी बनलेलाच नाही. गळाला गांडूळ आणि शिसं लावून बांबू वापरायचो तेव्हा आपण झोका देऊन दोरा पाण्यावर सोडायचो, काठीला फारसं काम नव्हतं. ल्युअर फेकताना मात्र सगळं काम काठी करते. तुम्ही मनगट पुढे नेता तेव्हा ल्युअर जडत्वाने मागेच राहायला बघतो, त्या ओढीने रॉड वाकतो आणि सरळ होताना ल्युअरला पुढे भिरकावतो. १०–४० ग्रॅमच्या रॉडला दोन ग्रॅमची ओढ कळतच नाही. तो वाकत नाही, मग भिरकावणार कशाने? तुम्ही जोर वाढवता, ल्युअर वर जातो किंवा समोर आपटतो. वरून ते जाड तंगूस. रीलवरून सुटताना त्याच्या कडक वेटोळ्या रॉडच्या कड्यांवर घासत जातात आणि उरलासुरला वेगही खातात.

म्हणून पाच फुटी की सात फुटी हा प्रश्न थोडा बाजूला ठेवा. आधी तुमची ल्युअरची डबी घेऊन एखाद्या ओळखीच्या सराफाकडे जा. स्वयंपाकघरातला काटा एक-दोन ग्रॅमला भरवशाचा नसतो, सराफाचा असतो. खिशात मावणारा छोटा डिजिटल काटा घेतलात तर पुढेही उपयोगी पडेल. प्रत्येक ल्युअर हुकांसकट, पुढे स्नॅप (ल्युअर अडकवायची छोटी क्लिप) लावत असाल तर स्नॅपसकट तोला आणि वजन डबीच्या झाकणात चिकटपट्टीवर लिहून ठेवा. रबरी माशांच्या बाबतीत एक गोष्ट हमखास सुटते: जिगहेडच्या, म्हणजे शिशाचं डोकं असलेल्या हुकाच्या, पाकिटावर एक ग्रॅम लिहिलेलं असतं ते नुसत्या शिशाचं, त्यावर मासा चढवला की तेच दोन ग्रॅमच्या आसपास जातं. परदेशी ल्युअरवर वजन औंसात असतं. १/१६ औंस म्हणजे सुमारे १.८ ग्रॅम, १/८ म्हणजे ३.५ आणि १/४ म्हणजे ७ ग्रॅम. स्पिनरच्या नंबरांवरूनही अंदाज येतो. मेप्स कंपनीच्या साध्या अग्लिया स्पिनरचा ०० नंबर दीड ग्रॅमचा, ० नंबर अडीचचा आणि १ नंबर साडेतीनचा.

आता झाकणाकडे बघा. बहुतेक आकडे कुठे जमलेत? तुमच्या वर्णनावरून मला वाटतं दीड ते चार ग्रॅममध्ये असतील. रॉडवर जी किमान-कमाल मर्यादा छापलेली असते तिचा मधला भाग या गर्दीवर बसला पाहिजे. १–७ ग्रॅमचा रॉड खरा रमतो तो अडीच ते पाच ग्रॅमला. एक ग्रॅम तो फेकेल, पण वारा पडलेला असेल तेव्हाच. सात ग्रॅमही फेकेल, पण तेव्हा हात हळू चालवावा लागेल. तुमच्या बारापैकी दहा ल्युअर दोन ग्रॅमच्या आतले निघाले तर ०.५–५ ग्रॅमचा रॉड बघा. साडेतीन-चारचे जास्त असतील तर १–७ किंवा २–८ बरोबर. एक-दोन जड ल्युअर राहून गेले तर राहू द्यात, त्यांच्यासाठी सगळा रॉड बिघडवू नका.

एवढं करूनही छापील आकड्यावर डोळे मिटून विसंबू नका. अल्ट्रालाईट कशाला म्हणायचं याचं सगळ्या कंपन्यांना बांधणारं एकच मोजमाप नाही, जो तो आपल्या हिशेबाने लिहितो. बऱ्याच वर्षांपूर्वी मी एक रॉड नुसता ‘१–५ ग्रॅम’ वाचून घेतला. घरी आणून तीन ग्रॅमचा स्पून (चमच्यासारखा ल्युअर) टोकाला लटकवला, हात हलवला, तर टोकाने साधी मानही डोलावली नाही. पुढे तो रॉड आठ ग्रॅमला छान चालला, पण मला आठ ग्रॅमचा रॉड नकोच होता. तेव्हापासून दुकानात जाताना खिशात एक ल्युअर आणि हातभर दोरा असतोच. तुम्हीही न्या. हुक काढून टाका किंवा त्यावर चिकटपट्टी गुंडाळा, दुकानात कुणाच्या हाताला लागायला नको.

दुकानात काय करायचं ते नीट सांगतो, कारण निवड इथेच होते. तुमच्या सर्वांत लाडक्या वजनाचा ल्युअर दोऱ्याला बांधून दोरा टोकाच्या दोन-तीन कड्यांतून ओवा आणि बोटाने रॉडला दाबून धरा. ल्युअर टोकाखाली वीतभर लोंबू द्या. मग फक्त मनगटाने, हळूच, पुढे-मागे. ज्या रॉडचा वरचा तिसरा हिस्सा त्या वजनाबरोबर डोलतो आणि ल्युअर मागे ओढतोय हे मुठीत जाणवतं, तो तुमचा. रॉडचं फक्त चार बोटं लांबीचं टोक हलतं आणि बाकी काठी ढिम्म, तर तो कडक आहे. उलट सगळा रॉड मुठीपर्यंत लवतो आणि तुम्ही हात थांबवल्यावरही टोक थरथरत राहतं, तर फेक सरळ जाणार नाही, कारण ते थरथरणारं टोक सुटणाऱ्या दोऱ्याला झटके देतं. हात थांबला की दोन-तीन हेलकाव्यांत टोक शांत झालं पाहिजे. दुकानदार घाई करेल. करू द्यात.

विक्रेत्याच्या तोंडी दोन शब्द येतील आणि ते बहुतेकदा एकमेकांत मिसळलेले असतील. ‘अल्ट्रालाईट’ म्हणजे रॉड वाकवायला किती वजन लागतं. ‘फास्ट’, ‘रेग्युलर’, ‘स्लो’ म्हणजे तो कुठे वाकतो. फास्ट टोकाशी वाकतो, रेग्युलर निम्म्यापर्यंत, स्लो जवळजवळ मुठीपर्यंत. अल्ट्रालाईट रॉडही फास्ट असू शकतो आणि जाडजूड रॉडही स्लो. तुम्ही मुख्यतः स्पिनर वापरणार, म्हणजे ल्युअर सतत पाण्याला धरून ओढला जाणार, आणि वीस वर्षांनी हात पुन्हा बसवणार. तुम्हाला रेग्युलर, फार तर रेग्युलर-फास्ट घ्यायला सांगेन. तो हलक्या वजनालाही वाकतो, फेकीची वेळ थोडी चुकली तरी सांभाळून घेतो आणि माशाने झटका दिला तर बारीक दोरा तुटू देत नाही. फास्ट रॉड जिगहेड तळावरून टुणटुण उडवत आणायला मजेचा, पण ती पुढची पायरी. काही रॉडचं टोक भरीव कार्बनचं असतं, बाकीचं पोकळ. भरीव टोकाला बारीकसा चावाही कळतो, पण स्पिनर ओढताना आणि लांब फेकताना मला पोकळ टोकाचाच रॉड बरा वाटतो. पहिला रॉड पोकळच घ्या.

आता तुमचा प्रश्न. दोन्ही रॉड वरच्या परीक्षेत उतरले तर तुमच्यासाठी सात फुटी घ्या. साडेसहा फुटी मिळाला तर तोही तितकाच चांगला. पुण्याच्या आसपास तुम्ही जाल ती पाणी बहुतेक मोकळी आहेत, खडकवासला, पानशेत, पवना किंवा मुळशीचं बॅकवॉटर. डोक्यावर झाड नाही, समोर वारा आणि काठाला पाण्यात उतरत गेलेले दगड. लांब काठीचं टोक जास्त वेगाने फिरतं म्हणून ल्युअर लांब जातो, आणि ओढून घेताना दोरा काठच्या दगडांवरून उचलून धरता येतो. मावळातल्या एखाद्या ओढ्यावर करंजाच्या फांद्यांखालून फेकायचं असेल तर पाच फूट बरा. ते रोजचं नाही. पाच फुटीबद्दल शेवटी पुन्हा बोलतो.

दोऱ्याबद्दल मात्र मी हट्टाने सांगणार आहे, कारण बहुतेक लोक सगळे पैसे रॉडमध्ये घालतात आणि रीलवर तेच जाड तंगूस ठेवून पुन्हा पाच पावलांवर येतात. हलक्या ल्युअरला दोराच मागे ओढत असतो, आणि दोरा जितका जाड तितका वाऱ्यात आणि कड्यांत जास्त अडतो. तुमचं तंगूस ०.३० मिलिमीटरचं. वेणीचा दोरा, म्हणजे ब्रेड, पीई ०.६ नंबरचा (पीई हे त्याच्या जाडीचं माप) घेतलात तर त्याची जाडी सुमारे ०.१३ मिलिमीटर, निम्म्याहूनही कमी, आणि तो चिलापीला तर सोडाच, किलो-दीड किलोच्या माशालाही पुरून उरतो. पीई ०.४ आणखी बारीक, पण नवख्या हातात तो गुंतला की सुटत नाही. ०.६ पासून सुरुवात करा. शंभर-दीडशे मीटर भरपूर झाला. रीलचा स्पूल (दोरा गुंडाळायची फिरकी) खोल असेल तर खाली जुनं तंगूस भरून वर ब्रेड चढवा. दोरा स्पूलच्या ओठापासून एक-दीड मिलिमीटर खाली असावा. त्याहून कमी भरला तर दोरा ओठावर घासतो, काठोकाठ भरला तर एकदम वेटोळी सुटतात.

ब्रेडला आपल्याकडचा दगड सोसत नाही. इथला काळा कातळ धारेचा, एकदा घासला की ब्रेडचे धागे तुटतात. म्हणून पुढे चार ते सहा पौंडी फ्लुरोकार्बनचा हातभर लीडर, म्हणजे पुढचा जोडदोरा, जोडा. त्यासाठी डबल युनी गाठ शिका, दिवाणखान्यात बसून वीस वेळा बांधा. एफजी गाठ जास्त सडपातळ असते, पण ती नंतर. आणि ल्युअर पाण्यात पडला की रीलची तार (फेकताना उघडायची, दोरा अडवणारी कमान) हँडल फिरवून नाही, बोटाने मिटा, दोरा किंचित ताणून घ्या, मग गुंडाळायला लागा. वाऱ्याने ब्रेडच्या गाठी होतात त्यातल्या निम्म्या एवढ्याने टळतात. ब्रेड परवडत नसेल तर ०.१६ मिलिमीटरचं चांगलं तंगूस घ्या आणि दर दोन-तीन महिन्यांनी बदला. तेही तुमच्या आत्ताच्या दोऱ्याच्या कितीतरी पुढे आहे.

रील १००० ते २००० नंबरचं, म्हणजे तुमच्या आत्ताच्या रीलपेक्षा लहान. जाहिरातीत कमाल ड्रॅग (मासा ओढू लागला की दोरा सुटू देणारा ब्रेक) किती किलो ते मोठ्या अक्षरात असतं, तुम्हाला त्याचा काहीच उपयोग नाही. ड्रॅग सैल ठेवून दोरा हाताने ओढून बघा: सुरुवातीला अडकून मग एकदम सुटतो की पहिल्यापासून लोण्यासारखा सरकतो? बारीक दोरा त्या पहिल्या अडकण्यालाच तुटतो. सगळ्यांत कमजोर दुव्याच्या, म्हणजे लीडरच्या, ताकदीच्या पाव ते तिसऱ्या हिश्शावर ड्रॅग लावा. सहा पौंड म्हणजे साधारण २.७ किलो, तेव्हा ड्रॅग पाऊण किलोच्या आसपास. पाण्याची पाऊण लिटर भरलेली बाटली दोऱ्याला बांधून उचलायचा प्रयत्न केला की नेमकं कळतं: जेमतेम सुटला पाहिजे. रील लावलेला रॉड रीलच्या पायाच्या जरा पुढे एका बोटावर तोलून बघा. टोक फार खाली जात असेल तर तासाभरात मनगट दुखेल.

पाच हजारांत मी रॉड आणि रील यांना जवळपास सारखे पैसे देईन आणि हजारभर दोऱ्यासाठी राखून ठेवेन. टेलिस्कोपिक रॉड गाडीवर न्यायला सोयीचा म्हणून गळ्यात मारतील. दोन ग्रॅमसाठी तो नको, एकात एक सरकणाऱ्या नळ्यांमुळे वाकण्याला सलगपणा राहत नाही आणि कड्या जागच्या सरकतात. सात फुटी दोन तुकड्यांचा रॉड साधारण १०९ सेंटिमीटरच्या दोन भागांत येतो. प्लंबिंगच्या पीव्हीसी पाईपात घालून दुचाकीला बांधता येतो. घेण्याआधी दोन्ही तुकडे जोडून टोकाकडून एका डोळ्याने बघा, सगळ्या कड्या एका रेषेत हव्यात. मग कापसाचा बोळा प्रत्येक कडीतून फिरवा. तंतू अडकला तर आतल्या रिंगला तडा आहे, आणि तो तडा ब्रेडला महिनाभरात खाऊन टाकेल.

कशासाठी हा रॉड वापरायचा आणि कशासाठी नाही, हेही पक्कं करा. चिलापी हा या रॉडचा खरा सोबती. आफ्रिकेतला हा मासा भारतात १९५२ साली आणला गेला, आता उजनीपासून शहरातल्या तळ्यांपर्यंत सगळीकडे आहे. लहान स्पिनरवर चिडून येतो आणि अर्ध्या किलोचाही हलक्या रॉडवर जीव तोडून लढतो. वाहत्या स्वच्छ पाण्यातले झोऱ्यासारखे बोटभर मासे दीड ग्रॅमच्या स्पिनरला झडप घालतात, ते बघायलाच मजा. पण मरळीच्या मागे हा रॉड घेऊन जाऊ नका. मरळ गवतात घुसते, तुम्ही तिला अडवू शकत नाही, दोरा तुटतो आणि ती तोंडात हुक घेऊन जाते. तिच्यासाठी मावसभावाचा आठ फुटीच ठेवा, त्यावर जाड ब्रेड चढवा. पावसाळ्यात पाण्यावर पिल्लांचा लालसर पुंजका फिरताना दिसला तर खाली मरळीची जोडी राखण करत असते. तिथे काहीच टाकू नका. आईबाप उचलले की ती पिल्लं बाकीच्या माशांच्या पोटात जातात.

महाशीर लागला तर पाण्यातच हुक काढून सोडा. लोणावळ्याला वळवणच्या केंद्रात टाटांनी वर्षानुवर्षं महाशीरची पिल्लं वाढवून पाण्यात सोडली आहेत, त्या कष्टाचं भान ठेवावं. देहूच्या घाटावरचे मासे भाविकांचे आहेत, तिथे गळ नेऊच नये. धरणांतल्या मासेमारीचा हक्क बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो. काठावर होडी किंवा जाळी दिसली की आधी विचारा, त्यांची जाळी सोडून लांब बसा. खडकवासल्याला एनडीएच्या (लष्करी प्रबोधिनीच्या) बाजूचा काठ पूर्ण वर्ज्य.

आणि हे जिवाचं आहे म्हणून वेगळं लिहितो. कार्बनच्या रॉडमधून वीज वाहते. बॅकवॉटरवरून विजेच्या तारा गेलेल्या असतात, त्यांच्याखाली फेकायचं नाही आणि उभा रॉड धरून चालायचंही नाही. मे महिन्यात दुपारनंतर वळवाचे ढग जमले, पहिला गडगडाट ऐकू आला, की रॉड आडवा ठेवा आणि निघा. उन्हाळ्यात पाणी उतरलं की काठचा गाळ वरून वाळलेला दिसतो आणि आत मांडीपर्यंत जातो. दगड सोडून खाली उतरू नका.

नवीन रॉड आला की पहिली संध्याकाळ पाण्यावर घालवू नका. मोकळ्या मैदानावर अडीच ग्रॅमचा, हुक काढलेला ल्युअर घ्या. टोकापासून ल्युअर हातभर खाली सोडा. जड रॉडच्या सवयीने आपण तो टोकाला चिकटवतो आणि मग रॉड वाकायला जागाच राहत नाही. मागे नेऊन क्षणभर थांबा, ल्युअरची ओढ मुठीत येऊ द्या, मग एका लयीत पुढे आणि डोळ्यांसमोर आला की सोडा. झटका नको. वारा पाठीशी घ्या. बारीक ब्रेडवर पंचवीस-तीस पावलं गाठाल.

मुलीसाठी: तो पाच फुटी तिच्या हाताला बरोबर आहे. तिची उंची आणि मनगट बघता सात फुटी तिला पेलणार नाही. आत्ता रॉड-रील दोघांचं घेणं खिशाला जमत नसेल तर तिचा रॉड पुढच्या महिन्यात घ्या आणि मग तुमचंच १००० नंबरचं रील आलटूनपालटून दोन्ही रॉडना लावा. तिच्या ल्युअरवरचा तीन पात्यांचा हुक काढून एकपाती लावा आणि त्याचा काटा पक्कडीने दाबून सपाट करा, म्हणजे बोटात गेला तरी जसा गेला तसा बाहेर येईल. दोघांनाही डोळ्यांवर साधा चष्मा आणि डोक्याला टोपी हवी. तिच्या अंगात लाईफ जॅकेट, पाणी गुडघाभर दिसत असलं तरी. दोघांनी एकाच वेळी फेकायचं नाही: आधी ती, तिचा ल्युअर पाण्यात पडला, तिने तार मिटली, की मग तुम्ही.